मिशीचं वजन

रस्सीखेच म्हणजे शाळेत पंधरा ऑगस्टला लिंबू-चमचा झाल्यावर घ्यायचा खेळ, असं आजही बहुतेकांना वाटतं. त्याची राष्ट्रीय स्पर्धा असते, राज्याराज्यांचे पुरुष संघ तिथं उतरतात, वजनं होतात, पंच असतात, हे सांगितलं की लोक माझ्याकडं बघून हसतात. मी पण हसतो आणि विषय सोडून देतो. पण चाळीसएक वर्षांपूर्वी त्या स्पर्धेत महाराष्ट्राच्या नावानं जो दोर धरला गेला, तो जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यातल्या आठ जणांनी धरला होता. त्या आठांत पाचव्या जागेवर मी होतो.

आमचा संघ एका कापड दुकानदारानं उभा केला. नारायणगावच्या पेठेत त्यांचं दुकान होतं. घराणं मूळचं मारवाडातलं, पण चार पिढ्या इथंच गेलेल्या, बोलायचे आमच्यासारखंच. आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. अंगानं इतके किरकोळ की कापडाचा तागा खांद्यावर घेतला तर वाकायचे. स्वतः कधी दोर ओढला नाही. पण जत्रेत आळ्याच्या लोकांनी दोर ओढताना त्यांनी पाहिला आणि त्यांच्या डोक्यात बसलं, की ही माणसं ताकदीनं कमी नाहीत, फक्त एका वेळी ओढत नाहीत. कुठून कुठून पुस्तकं मागवून त्यांनी नियम वाचले. मग दोन्ही तालुके फिरून माणसं वेचली. तीन आळ्याचे, दोन नारायणगावचे, एक बेल्ह्याचा, एक मढचा आणि लोणीचा मी. आम्ही एकमेकांना गावाच्याच नावानं हाक मारायचो. मी लोणीवाला.

मढवाला आमचा शेवटचा गडी. दोराचं टोक ज्याच्या पाठीवरून, काखेतून वळवून घेतात, तो. माळशेजच्या बाजूची भातशेती करणारा माणूस. बोलणं कमी, पाय मात्र खांबासारखे. पावसाळाभर चिखलात उभा राहून भात लावणाऱ्याचे पाय घसरत नाहीत, हे शेठचं म्हणणं आणि ते खरं निघालं.

मीना नदीच्या कडेला एका बाभळीला कप्पी बांधून, तिच्यावरून दोर टाकून, दुसऱ्या टोकाला दगडांनी भरलेलं पत्र्याचं पिंप लटकवायचं आणि ते वर उचलून धरून ठेवायचं, हा आमचा सराव. ओढण्यापेक्षा धरून ठेवणं अवघड असतं. मांड्या थरथरतात, तळहाताची सालं निघतात, आणि शेठ शेजारून चालत शांतपणे सांगत राहतात, "धरा. अजून धरा. घाई नाय करायची." त्यांची मूठ वळली की आठ जणांनी एकदम एक पाऊल मागं जायचं, पंजा उघडला की जागेवर थांबायचं. सूर्य मावळायच्या आत ते जेवत, म्हणून सरावही त्याच्या आधी संपायचा. आम्हाला ते बरंच होतं, घरी जाऊन धारा काढायच्या असायच्या.

दोन वर्षांनी आम्ही राज्याची स्पर्धा जिंकलो आणि राज्याचा संघ म्हणून आम्हालाच राष्ट्रीयला जायचं ठरलं. स्पर्धा पंजाबातल्या एका शहरात होती, ऐन थंडीत. निघायच्या दोन दिवस आधी आमच्या नवव्या, राखीव गड्याला ताप भरला. म्हणून आठच जण निघालो.

आमचा गट सहाशे चाळीस किलोचा होता. म्हणजे आठ जणांचं मिळून वजन त्याच्या आत पाहिजे. एक गडी जड असला तरी चालतो, बेरीज महत्त्वाची. निघताना शेठनी आम्हाला आडतीच्या काट्यावर एकेक करून उभं केलं होतं. दोन किलो कमीच भरलो. शेठ खूश झाले. पण आमच्या आयांनी बांधून दिलेले लाडू, बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि दोन दिवसांचा रेल्वेचा प्रवास. बसून खाण्याशिवाय काम नाही. पोचलो तर यजमानांनी लोणी घातलेले पराठे पुढं ठेवले. आम्ही नाही म्हणालो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अधिकृत वजन होतं. एकेक जण काट्यावर चढला, पंचांनी आकडे लिहिले, बेरीज केली आणि कागद शेठच्या हातात दिला. सहा किलो जास्त.

शेठनी बेरीज पुन्हा करून पाहिली. पंचांनी घड्याळ दाखवून सांगितलं, वजनाचं काम दोन तास चालेल, तोवर पुन्हा येऊ शकता. नाहीतर संघ बाद.

मढवाला पुढं झाला. "शेठ, माझंच वजन समद्यात जास्त हाय. मला काढा."

"तुला काढून सात जण कसे उतरवू? आठ पाहिजेत," शेठ म्हणाले. "आन् तू नसला तर दोर कुणाच्या पाठीवर टाकू? चला, पळायला लागा."

होते नव्हते ते स्वेटर, त्यावर घोंगड्या, त्यावर यजमानांनी दिलेल्या रजया गुंडाळून आम्ही मैदानाभोवती पळू लागलो. बाहेर धुकं, तोंडातून वाफा, आणि आत अंग भट्टीसारखं. आळ्याचा एक जण मध्येच ओकला. "वकू दे, तेवढंच कमी," असं दुसरा म्हणाला आणि पळता पळता आम्ही हसलो. शेठ आमच्याबरोबर पळत होते. त्यांना पळायचं काहीच कारण नव्हतं.

तासाभरानं पुन्हा काट्यावर चढलो. साडेपाच किलो उतरलं होतं. अजून अर्धा किलो.

पाणी प्यायलो नव्हतो, आता घामही येईना. मग बेल्हेवाल्यानं मैदानाच्या फाटकाबाहेर बसलेल्या न्हाव्याकडं बोट दाखवलं. त्या काळात आम्ही सगळ्यांनी कानांवरून, मानेवर रुळतील असे केस वाढवलेले. फॅशनच होती. पुढच्या वीस मिनिटांत तिथं केसांचा ढीग पडला. वस्तऱ्यानं सगळ्यांची डोकी साफ झाली. करगोटे काढले, ताईत काढले, बोटातल्या अंगठ्या काढल्या. ज्यांचे वडील नव्हते त्यांनी मिशाही काढल्या, बाकीच्यांना मी सोडून मिशा नव्हत्याच. मढवाल्याचे वडील तो लहान असतानाच गेलेले. त्यानं सरळ न्हाव्यापुढं तोंड केलं.

पुन्हा काटा. शंभर ग्रॅम जास्त.

आता सगळे माझ्याकडं बघायला लागले, आणि लगेच दुसरीकडंही बघायला लागले. कारण माझी मिशी भरघोस होती. आणि माझे आबा जिवंत होते.

आमच्याकडं डोकं आणि मिशी दोन्ही उतरवली की त्याचा एकच अर्थ होतो, बाप गेला. नुसतं डोकं काढलं तर देवाला केस दिले असं सांगता येतं. मिशीचं तसं नाही. बाप धडधाकट असताना मुलानं मिशी काढणं म्हणजे त्याचं मरण चिंतणं, असं मानणारी माणसं गावात होती, आणि आमच्या भावकीत तर जास्तच होती. मला मिसरूड फुटलं तेव्हा आबांनीच मला मिशीला पीळ द्यायला शिकवलं होतं.

शेठना हे सगळं न सांगता समजलं. माझ्या पाठीवर हात ठेवून ते म्हणाले, "मिशी राहू दे भाऊ. पंधरा मिनटं आहेत. आपण अजून दोन फेऱ्या मारू."

"फेऱ्या बी मारू," मी म्हणालो, "आन् मिशी बी काढू."

"नीट विचार कर. तुझे वडील—"

"आबाला मी बघतो."

मी न्हाव्यापुढं बसलो. त्यानं दोन वेळा विचारलं, कारण तिथंही या गोष्टीचा अर्थ तोच होता. वस्तरा फिरला. वरच्या ओठाला थंडी लागली. मला एकदम लहान झाल्यासारखं वाटलं. उठलो आणि घोंगडी गुंडाळून बाकीच्यांबरोबर शेवटच्या दोन फेऱ्या पळालो.

काटा बरोबर सहाशे चाळीसवर थांबला. पंचांनी आमच्या आठही जणांच्या दंडावर निळ्या शाईचा शिक्का मारला. आता विचार करतो तर कळतं, की मिशीचं वजन ते काय असणार, चिमूटभर केस. त्या दोन फेऱ्यांच्या घामानंच काम झालं असणार. पण त्या दिवशी आमच्यातल्या कुणालाही तसं वाटलं नाही. मढवाल्यानं माझ्या टकलावरून हात फिरवला आणि म्हणाला, "लई केलंस."

पहिले तीन सामने आम्ही जिंकलो. बाजूला उभं राहून बघणारे लोक आम्हाला 'गंजी टीम', म्हणजे टकल्यांचा संघ, म्हणायला लागले होते, आणि जिंकत गेलो तसा त्या हाकेतला चेष्टेचा सूर कमी होत गेला. अंतिम सामना यजमानांशी होता. वजन आमच्याइतकंच, पण त्यांचे सगळे गडी उंच, डोक्याला रंगीत पटके बांधलेले सरदार. सामन्याआधी त्यांचा शेवटचा गडी आमच्याकडं आला. आमची आठ डोकी बघून त्यानं माझ्या जवळ येऊन हळू आवाजात विचारलं, "भाईसाब, घर में कुछ हो गया क्या?"

मी मोडक्या हिंदीत सांगितलं की घरी सगळं ठीक आहे, वजनासाठी केस काढले. मग त्यानं स्वतःच्या पटक्याला हात लावला आणि म्हणाला, "हमसे तो ये ना होता." त्याच्या आवाजात चेष्टा अजिबात नव्हती. आपल्या धर्मात केसांना हात लावत नाहीत, म्हणून आपल्या संघानं वजनासाठी चार दिवस अर्धपोटी काढले, हे त्यानं मला सांगितलं. आम्ही एकमेकांचे हात हातात घेतले. त्याचे तळवेही माझ्यासारखेच फाटलेले होते.

तीन ओढींचा सामना. दोन जिंकेल तो विजेता. पंचांनी दोन्ही संघांकडं बघून हुकूम दिले: दोर उचला, ताण घ्या, स्थिर, आणि मग "पुल!"

पहिली ओढ त्यांनी सरळ नेली. आमचे पाय अजून मातीत बसलेच नव्हते. श्वास चार वेळा घेतला नसेल तोवर दोराच्या मधली खूण त्यांच्या बाजूला गेली.

दुसरी ओढ माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे. लग्न, मुलं, सगळं धरून म्हणतो. "पुल" झालं आणि दोर ताणला, तो हललाच नाही. दोन्हीकडची सोळा माणसं जमिनीला जवळजवळ समांतर झालेली, टाचा मातीत रुतलेल्या, आणि मधली खूण जागच्या जागी थरथरतेय. शेठ आमच्या शेजारी वाकून चालत होते. पंजा उघडा. "धरा. अजून धरा." लोकांचा आवाज मला येत होता आणि येतही नव्हता. पुढच्या गड्याच्या मानेवरून घाम ओघळताना दिसत होता. माझा उजवा हात बधिर झाला. आता सुटणार, असं वाटलं तेव्हा मागून मढवाल्याचा आवाज आला. तो खेळताना कधीच बोलत नसे. "हाय मी. माझ्यावर टाका." एवढंच. आणि आम्ही सगळ्यांनी खरंच थोडा थोडा भार मागं त्याच्यावर टाकला, आणि त्यानं तो घेतला.

समोरच्या ओळीतला एक पाय हलला. शेठनी मूठ वळली. एक पाऊल. पंजा. मूठ. पुन्हा एक पाऊल. असं करत करत आम्ही ती ओढ जिंकली. किती वेळ लागला कुणास ठाऊक, पण पंचांनी शिट्टी मारल्यावर सोळाच्या सोळा माणसं आडवी झाली आणि समोरच्या शेवटच्या गड्यानं पडल्या पडल्या आमच्याकडं बघून हात वर केला.

तिसरी ओढ आम्ही हरलो. ते आमच्यापेक्षा चांगले होते, याहून दुसरं काही कारण नाही. दोर त्यांच्याकडं जात होता आणि आम्ही इंच इंच लढवत जात होतो. एकाचीही मूठ सुटली नाही. एकही जण खाली बसला नाही. देशात दुसरे आलो. गळ्यात रुपेरी पदक पडलं तेव्हा शेठ आमच्या मागं उभं राहून रडत होते. त्यांच्यासाठी पदक नव्हतं. मढवाल्यानं स्वतःचं काढून त्यांच्या गळ्यात घातलं आणि ते त्यांनी लगेच काढून परत दिलं. अशी दोघांची तिथं ओढाताण चालली.

शेठनी दुकानावर तार केली होती. नारायणगावच्या स्टँडवर हलगीवाले, पेठेतली माणसं, गुलाल, सगळं तयार. एसटीतून आम्ही एकामागून एक उतरलो. हलगी थांबली. आठ टकली, आठ सफाचट चेहरे. गर्दीतल्या एका म्हाताऱ्या बाईनं "कोन गेलं गं बया!" म्हणून गळा काढला. शेठनी टपावर सामान काढायला चढलेल्या कंडक्टरच्या शेजारी चढून ओरडून सांगितलं, "कोणी गेलं नाय! वजनासाठी काढलेत केस! दुसरे आलोय आपण, देशात दुसरे!" मग हलगी पुन्हा वाजायला लागली.

पण माझं लक्ष घराकडं लागलं होतं. मंचरला गाडी बदलून लोणीला पोचलो तेव्हा आबा खळ्यावर बाजरी उफणत होते. त्यांनी सूप खाली ठेवलं, माझ्या तोंडाकडं पाहिलं, माझी पिशवी उचलली आणि पुढं चालू लागले. आईनं मला बघितलं आणि पदर तोंडाला लावला. मी सगळं सांगितलं. पदक दाखवलं. आबांनी ते हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि कोनाड्यात ठेवलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर माणसं बसली होती. आबा होते, मीही जरा लांब उभा होतो. आबांचे एक चुलत भाऊ, वयानं थोर, मोठ्यानं म्हणाले, "बाप डोळ्यांपुढं असताना मिशी उतरवली. ह्याला खेळ म्हनायचं का?"

आबांनी मला जवळ बोलावलं.

"दोर सुटला का रं तुझ्या हातनं?"

"न्हाई आबा."

"कुनाच्या सुटला?"

"कुनाच्याच न्हाई. वढून नेलं आमाला त्यांनी. पर आठी जन दोर धरूनच पल्याड गेलो."

आबांनी मान हलवली. मग चुलत भावाकडं वळून म्हणाले, "मी जित्ता हाय हे समद्या गावाला दिसतंय. पोराच्या मिशीनं मी काय मरत न्हाई. आन् उद्या कुनी इचारलं तर सांगा, ह्याच्या बापानंच पाठवला व्हता त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात बैलाचं दावं खांबाला बांधून आबांनी मला विचारलं, "वढायचं कसं ते दाव." मी दाखवलं. मग त्यांनी स्वतः धोतराचा काचा मारला, दावं धरलं आणि मागं रेलले. "असं व्हय? ह्यात तर समदं पायात हाय." पंजाबात जाऊन आल्यापासून मी पहिल्यांदा मोकळा हसलो.

शेठ जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या दुकानात तयार कपडे मिळतात. आठांतले तिघं गेले. मढवाला भात लावणं सोडून फक्त बांधावर उभा राहतो आणि सुनेला सूचना देतो, ती ऐकत नाही. मी दूध सोसायटीत नोकरी केली, निवृत्त झालो, कांदा आणि थोडी द्राक्षं करतो.

मागच्या हिवाळ्यात मंचरजवळच्या एका शाळेनं मला बोलावलं. त्यांच्या मुलींचा रस्सीखेचीचा संघ जिल्ह्याला निवडला गेला होता. मी त्यांना हे सगळं सांगितलं. मुली मिशीच्या ठिकाणी हसल्या आणि पारावरच्या ठिकाणी गप्प झाल्या. शेवटी एकीनं, तीच त्यांची शेवटची गडी होती, हात वर केला.

"आजोबा, मग तुम्हाला त्याच्यावर नोकरी लागली का?"

"न्हाई. आमच्या येळेला त्या खेळावर काही मिळत नव्हतं."

"मग तरी तुम्ही एवढं खूश होऊन का सांगताय?"

मढवाल्याचा आवाज आठवला, शेजारून वाकून चालणारे शेठ आठवले. मी म्हणालो, "बाळ, देशाच्या मैदानावर सात जण माझ्या भरवशावर उभे होते आन् मी त्यांच्या. असं माणसाला किती वेळा मिळतं?"

ती जरा विचार करून म्हणाली, "बरं. पण पाय नक्की कसा रोवायचा ते दाखवा ना. सर सांगतात ते जमत नाय मला."

मी चपला काढून मैदानात उतरलो. गुडघा कुरकुरला, पण टाच मातीत बरोबर बसली.